खुर्ची पाहावी बसून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांनी खुर्चीचे नाव घेतले नाही, कारण खुर्ची त्यांच्या संसारात नव्हतीच. पेढीवरचा मुनीम गादीवर मांडी घालून बसे व त्याच्यापुढे उतरत्या फळीचे बुटके डेस्क असे. दफ्तरातला कारकून एक गुडघा उभा करून त्यावरच कागद धरी आणि बोरू चालवी. घरात पाट, चटई, सतरंजी. पाहुणा आलाच तर लोड आणि तक्क्या. ‘खुर्ची’ हा शब्दसुद्धा मुळात आपला नव्हे. अरबीतली ‘कुर्सी’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली आणि मराठीच्या जिभेवर ‘ख’ होऊन स्थिरावली.

हे पुराण लावण्याचे कारण एवढेच की, या वस्तूच्या बाबतीत आपल्यापाशी पिढीजात शहाणपण नाही. वांगी घेताना देठ पाहणारी, पातळ घेताना त्याचे सूत दोन बोटांत चोळून पाहणारी, माठ घेताना त्यावर टिचकी मारून कान देणारी आपली माणसे खुर्ची घेताना मात्र ती नुसती डोळ्यांनी पाहतात. रंग पाहतात, पाठ किती उंच ते पाहतात, फार तर हाताने गादी दाबून पाहतात आणि पैसे मोजतात. ज्या वस्तूवर दिवसाचे आठ-आठ तास काढावयाचे, तिची परीक्षा दोन मिनिटांत उरकते. मी हे इतरांना नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. तीस वर्षांहून अधिक काळ खुर्चीवर बसून पगार घेतलेल्या माणसाने हीच चूक केली, आणि ती स्वतःच्या नव्हे तर लेकीच्या पाठीवर केली.

२०२० च्या मार्च महिन्यात सारा देश घरी बसला, तेव्हा आमची धाकटी कन्या पुण्यातली नोकरी पुण्यातच ठेवून इंदुरास परत आली. पुढे निर्बंध उठले, शाळा भरू लागल्या, बाजार पूर्ववत गजबजला. तिचे काम मात्र घरीच राहिले. पहिली दोन वर्षे तिने जेवणाच्या टेबलाशी, जेवणाच्याच खुर्चीवर काढली. संध्याकाळी तिची मान धरलेली असे. तेव्हा २०२२ च्या दिवाळीत बापाने मोठ्या उमेदीने तिला एक खुर्ची भेट दिली. साडेसतरा हजार रुपये मोजले. काळी, चाकांची, फिरती, मागे डोके टेकायला उशी, दोन्ही बाजूंना हात. दुकानात मी स्वतः तिच्यावर बसून पाहिले. पाठ टेकली, डोके टेकले, जमिनीवर पाय टेकले, आणि मला वाटले, इतके सुख आपल्या वाट्याला उभ्या नोकरीत आले नाही, ते लेकीला मिळू दे.

मान काहीशी सुधारली, पण वर्ष उलटता उलटता नवे दुखणे सुरू झाले. संध्याकाळी पाय जड होत, पोटऱ्यांना सूज येई, मांड्यांच्या मागच्या बाजूला मुंग्या येत. डॉक्टरांनी रक्त तपासले, पायांच्या शिरा तपासल्या. काही निघाले नाही. ‘वजन कमी करा, चाला’ असे त्यांनी सांगितले. मुलगी मुळात काडीपैलवान. वजन कुठले कमी करायचे?

उलगडा झाला तो हरतालिकेच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गणपती बसायचा, आणि घरातला जुना सागवानी पाट सापडेना. सौभाग्यवतींनी माळा शोधला, कोठी शोधली, शेजारी विचारून झाले. शेवटी पाट निघाला तो कन्येच्या टेबलाखाली. ती दिवसभर त्याच्यावर पाय ठेवून बसत होती. देवाचा पाट पायाखाली घेतला म्हणून आई रागावली, तेव्हा मुलगी ओशाळून म्हणाली, “आई, दुसरं काही मिळेना. पाय पोचत नाहीत.”

“पोचत नाहीत म्हणजे?” मी विचारले.

“बाबा, खुर्ची चांगली आहे हो,” ती म्हणाली, “पण ती तुमची आहे.”

माझी उंची पाच फूट आठ इंच. तिची पाच फूट, तीही जरा ताठ उभी राहिली तर. शाळेत मुलांच्या गणवेशाची मापे घेताना प्रत्येक पोराच्या खांद्यावर टेप ठेवायला लावणारा मी, लेकीची खुर्ची स्वतःच्या मापाने घेऊन आलो होतो. आणि वडिलांनी एवढा खर्च केला, त्यांना वाईट वाटेल, म्हणून तिने दहा महिने पाय लोंबकळत ठेवले. त्यानंतर मी या विषयात लक्ष घातले, ते असे.

खुर्चीची पहिली परीक्षा पाठीने करावयाची नसून पायांनी करावयाची, ही गोष्ट मला पन्नाशी ओलांडल्यावर कळली. पाऊल जमिनीवर संपूर्ण टेकले पाहिजे. टाचही, चवडाही. पाऊल टेकले नाही की पायांचे सारे वजन मांडीखाली बैठकीच्या पुढच्या कडेवर येते. तिथे मांडीचा मऊ भाग असतो, त्याच्या खालून रक्तवाहिन्या आणि नसा जातात. कड त्यांना दाबून धरते, मुंग्या येतात, आणि लोंबकळत्या पायात पाणी उतरते. मुलीच्या दुखण्याचे सारे रहस्य एवढेच होते. तेव्हा घरातून निघतानाच एक माप घेऊन निघावे: ज्याला बसायचे त्याने पाऊल जमिनीवर सपाट ठेवून, गुडघा काटकोनात वाकवून बसावे आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप धरावी. माझे हे माप सतरा इंच भरते, मुलीचे पंधरा. घरात अनवाणी वावरणाऱ्याने चपलेसह माप घेऊ नये. आपल्या घरांत ही चूक हमखास होते. बैठकीची उंची या मापाइतकी किंवा अर्धा इंच वर, याहून अधिक नसावी. आमच्या त्या देखण्या खुर्चीची बैठक खालच्या टोकाला नेली तरी अठरा इंचांवर थांबत होती.

दुसरे माप खोलीचे. पाठीला पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि पोटरी यांच्यामध्ये दोन ते तीन बोटे सहज जावीत. बोटे जात नसतील तर बसणारा पाठ सोडून पुढे सरकतो, आणि मग मागची पाठ सोन्याची असली तरी तिचा उपयोग काय? बुटक्या माणसांना, त्यातही स्त्रियांना, बाजारातल्या खुर्च्यांचा सर्वांत मोठा उपद्रव हा असतो, आणि त्यांना वाटते की आपल्यालाच नीट बसता येत नाही. काही खुर्च्यांत बैठक पुढे-मागे सरकविण्याची सोय असते. ती असेल तर चार पैसे अधिक द्यावेत. डोक्याच्या उशीसाठी मात्र देऊ नयेत. काम करणाऱ्याचे डोके उशीला टेकलेले नसते, टेकले तर त्या वेळी काम चाललेले नसते.

आता मुलीसाठी खुर्ची खाली आणायची म्हटले, तर दुसरीच अडचण पुढे आली. टेबल तीस इंच उंच होते. जेवणाची आणि लिहिण्याची बहुतेक टेबले एकोणतीस-तीस इंचांचीच असतात. खुर्ची पंधरा इंचांवर आणली की टेबल छातीशी येते, खांदे कानांकडे चढतात आणि मानेचे दुखणे परत येते. खुर्ची आणि टेबल ही जात्याच्या दोन तळ्यांसारखी आहेत. एक सोडून दुसरीची निवड करता येत नाही. खांदे सैल सोडून, कोपर काटकोनात वाकवून बसावे आणि बैठकीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. साधारण आठ ते दहा इंच भरते. टंकलेखन किंवा संगणकाचे काम असेल तर कळफलक या कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली हवा. हाताने लिहिणाऱ्याला टेबल एक-दोन इंच वर चालते, कारण लिहिताना आपण थोडे पुढे झुकतो. जिथे टेबल बदलता येत नाही, तिथे खुर्ची टेबलाच्या हिशेबाने वर घ्यावी आणि पायाखाली चौकी द्यावी. म्हणजे आमच्या मुलीने पाटाचा जो उपाय केला होता, तो शास्त्रोक्तच होता. फक्त पाट चुकीचा निवडला होता.

संगणकाच्या पडद्याविषयी एकच सांगतो. तो डोळ्यांच्या पातळीला हवा, आणि मांडीवरचा संगणक टेबलावर ठेवला की तो कधीच त्या पातळीला येत नाही. त्याखाली काही तरी द्यावे आणि कळफलक वेगळा घ्यावा. आमच्याकडे यासाठी मोल्सवर्थसाहेबांच्या कोशाची योजना झाली आहे. माझा जीव कळवळतो, पण उंची बरोबर येते.

पाठीचा विषय काढताना मला थोडे अपराधी वाटते. “ताठ बस!” हे दोन शब्द मी आजवर वर्गात किती हजार वेळा उच्चारले असतील, याची गणती नाही. आता कळते की ताठ बसवून ठेवणे ही पाठीची काळजी नसून केवळ शिस्तीची हौस होती. आपल्या कण्याला कमरेपाशी आत वळलेला एक बाक असतो. उभे असताना तो टिकतो. बसलो की कंबरेचे हाड मागे फिरते आणि बाक सपाट होतो. स्वीडनमधील डॉक्टर बेंग्ट ओकरब्लूम यांनी १९४८ साली उभे राहणे आणि बसणे या विषयावर प्रबंध लिहिला आणि खुर्चीच्या पाठीने कमरेच्या या बाकाला आधार द्यावा, असा आग्रह धरला. पुढे त्याच देशातील शल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला. आधाराशिवाय बसले असता हा दाब उभे राहण्यापेक्षा बराच अधिक, सुमारे चाळीस टक्क्यांनी जास्त, असे त्यांना आढळले. १९९९ साली जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका निरोगी माणसावर पुन्हा अशी मापे घेतली, तेव्हा मात्र नुसते सैल बसण्यातला दाब उभे राहण्यापेक्षा अधिक भरला नाही. विद्वानांचे मतभेद विद्वानांपाशी राहोत. पुढे वाकून बसले की दाब वाढतो आणि पाठीला रेलून बसले की तो कमी होतो, ही गोष्ट दोन्हीकडून सारखीच निघते, आणि आपल्याला तेवढी पुरे.

म्हणून खुर्चीची पाठ काटकोनात उभी नसावी, किंचित मागे कललेली असावी. शंभर ते एकशे दहा अंश. कमरेचा फुगवटा बैठकीपासून सहा ते नऊ इंचांच्या दरम्यान यावा. तो तुमच्या कमरेत येतो की बरगड्यांत रुततो, हे बसल्यावाचून कळत नाही. उंच पाठीच्या रुबाबदार खुर्च्यांत हा फुगवटा बहुधा उंच माणसाच्या मापाने वर असतो. बुटक्या माणसाला ती खुर्ची पाठीत ढकलते आणि तो आयुष्यभर पुढे झुकून बसतो. वर-खाली होणारा आधार मिळाला तर उत्तम. न मिळाला तर घडी केलेला टॉवेल कमरेमागे द्यावा. त्याला पैसे पडत नाहीत.

डेन्मार्कचे शल्यचिकित्सक मांडाल यांनी १९७० च्या दशकात शाळकरी मुलांच्या बसण्याचा अभ्यास करून उतरत्या टेबलाचा पुरस्कार केला, असे वाचले तेव्हा मला पेढीवरचे ते बुटके डेस्क आठवले. कागद उतरत्या फळीवर असला की मान कमी वाकते, हे आमच्या मुनिमांना कोणी शिकवले होते? आणि आपण काय केले? उतरती फळी टाकून दिली, सपाट बाक आणले, आणि सहावीच्या मुलाला व दहावीच्या मुलाला एकाच उंचीच्या बाकावर बसवून वर ‘ताठ बस’ म्हणून दटावले.

खुर्ची कितीही उत्तम असली तरी तीत अखंड बसणे वाईटच. शाळेचा तास चाळीस मिनिटांचा असतो, त्याचे मोल मला आता कळते. मुलगी घरी काम करते तिथे घंटा नाही. तेव्हा तिची आई दर तासाला काहीतरी कारण काढून तिला हाक मारते. कारण बहुधा खोटे असते.

टिकाऊपणाचा धडा मात्र मला कचेरीत मिळाला. माझ्या खोलीत फार जुनी सागवानी खुर्ची होती. वेताने विणलेली बैठक, वेताचीच पाठ, मागे पांढऱ्या रंगाने घातलेला भांडारनोंदीचा क्रमांक. किती मुख्याध्यापक तीवर बसून गेले, ते भिंतीवरच्या फलकावरून मोजावे लागेल. बैठकीचा वेत तुटला म्हणून ती कोठीत गेली आणि तिच्या जागी फिरती, गुबगुबीत खुर्ची आली. पहिले वर्ष थाटात गेले. दुसऱ्या वर्षी तिची गादी बसली आणि खालची फळी हाडांना लागू लागली. वरचे रेक्झिन मे महिन्यात पाठीला चिकटे आणि पावसाळ्यात सोलून निघे. तिसऱ्या वर्षी तिच्या उंचीच्या नळीतला वायू हळूहळू सुटू लागला. मी पालकांशी गंभीरपणे बोलू लागे आणि बोलता बोलता खाली खाली जाई. दहा मिनिटांत टेबलावर माझी फक्त हनुवटी उरे. एका पालकाने मोठ्या सहानुभूतीने विचारले, “सर, प्रकृती बरी नाही का?”

या अनुभवावरून फिरती खुर्ची घेणाऱ्यांसाठी थोडे सांगून ठेवतो. नळी, चाके आणि गादी हे तिचे झिजणारे अवयव. ते सुटे मिळतात का आणि गावात बसवून देणारा कोणी आहे का, हे आधी विचारावे. खुर्चीचे आयुष्य त्यावर ठरते. खालचा पाया पाच फाट्यांचा असावा, चार फाट्यांचा कलंडतो. तो धातूचा असेल तर निश्चिंत राहावे. चाके कोणत्या फरशीसाठी आहेत ते पाहावे. गालिच्यासाठी कडक नायलॉनची चाके असतात. आपल्या घरांत गालिचा कुठला? माळव्यातल्या घरांत कोटा फरशी किंवा टाइल. तीवर कडक चाके घसरतात आणि फरशीवर ओरखडे काढतात. तिथे मऊ आवरणाची चाके हवीत. गादीच्या फोमची घनता विचारावी. दर घनमीटरला चाळीस किलो किंवा त्याहून अधिक असली तर ती बरीच वर्षे टिकते. हलका फोम दुकानात अधिक मऊ लागतो आणि घरी लवकर चपटा होतो. दुकानातला मऊपणा हा लग्नातल्या आग्रहासारखा असतो, त्यावरून पुढचा अंदाज बांधू नये.

अलीकडे जाळीच्या बैठकीच्या खुर्च्या निघाल्या आहेत. १९९४ साली अमेरिकेत बिल स्टम्फ आणि डॉन चॅडविक या दोघांनी आखलेली अशी एक खुर्ची जगभर गाजली, आणि मग तिचे अनुकरण सर्वत्र झाले. गादी नाही, नुसती ताणलेली जाळी. अंगाच्या वळणाप्रमाणे ती वाकते आणि वारा खेळता राहतो. हे वर्णन वाचले आणि मी कोठीतली जुनी खुर्ची बाहेर काढली. वेताची बैठक याहून निराळे काय करत होती? व्हिएन्नाच्या थोनेट यांनी १८५९ मध्ये वाफेने वाकवलेल्या लाकडाची जी चौदा क्रमांकाची प्रसिद्ध खुर्ची काढली, तिची बैठकही वेताचीच होती. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत वाकवलेल्या लाकडाच्या ज्या खुर्च्या आपण पाहिल्या, त्या याच कुळातल्या.

लाकडी खुर्चीची परीक्षा तिला उलटी करून करावी. वरून पॉलिश सगळ्यांचेच चकाकते. खालून बैठकीची चौकट आणि पाय यांचे सांधे पाहावेत. खाचेत कुसू नीट बसवून सरस लावलेला सांधा आणि नुसते खिळे ठोकलेला सांधा यांत जन्माचे अंतर आहे. चौकटीच्या चारी कोपऱ्यांत आतून त्रिकोणी ठोकळे स्क्रूने बसवले असतील तर सुतार प्रामाणिक आहे असे समजावे. खुर्ची बहुधा मोडते ती मागचा पाय आणि बाजूची पट्टी यांच्या सांध्यात, आणि मोडतो तो तिच्या मागच्या दोन पायांवर झोके घेणारा. शिक्षकांच्या खोलीत असे झोके घेणारे किती आहेत, हे मी इथे लिहीत नाही.

कोठीतल्या त्या खुर्चीचे सांधे शाबूत होते. तरीही ती निर्लेखनाच्या यादीत गेली होती. इकडच्या सरकारी हिंदीत त्याला ‘अपलेखन’ म्हणतात. मी यादीतून तिचे नाव खोडले आणि शेऱ्यात ‘दुरुस्तीयोग्य’ असे लिहिले. वेत विणणारा माणूस शोधायला दोन महिने लागले. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणण्याचे काम आपल्याकडे पुष्कळ काळ दृष्टिहीन कारागिरांच्या हाती राहिले आहे. आमच्याकडे आले तेही असेच, साठीकडे झुकलेले गृहस्थ. त्यांनी खुर्चीवर हात फिरवला, तुटका वेत बोटांत मोडून पाहिला आणि हिंदीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा: “साहेब, हा वेत म्हाताऱ्यापणाने गेला नाही, तहानेने गेला.”

वेत हा ओलसर प्रदेशातला, आसाम-केरळाकडचा. माळव्याच्या उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की तो सुकतो आणि ठिसूळ होतो. त्याची वरची बाजू गुळगुळीत असते, तीतून पाणी आत जात नाही. म्हणून उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालच्या बाजूने ओले फडके फिरवावे आणि ती सावलीत रात्रभर वाळू द्यावी. सैल पडलेली विणसुद्धा याने पुष्कळदा आवळून येते. चौकटीच्या भोवती भोके असतात, त्यांतून दोन फेरे उभे, दोन आडवे आणि मग दोन तिरपे. तेव्हा ती अष्टकोनी छिद्रांची जाळी उमटते. त्यांनी अडीच दिवस घेतले. त्यांची बोटे भोके मोजत जात आणि तोंडाने क्रिकेटच्या गप्पा चालत. मला फक्त एक ताकीद मिळाली. वेतावर गुडघा ठेवायचा नाही, आणि पंखा पुसायला त्यावर उभे राहायचे नाही.

खुर्चीवर पैसा किती घालावा याला अंत नाही, हे आम्हा इंदूरकरांना कोणी सांगायला नको. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या सुमारास माणिकबाग महाल बांधविला. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने तो आखला, आणि महाराजांचे लिहिण्याचे टेबल नि खुर्ची पॅरिसचे विख्यात कारागीर रूलमान यांच्याकडून आली. १९८० मध्ये मोनॅको येथे या सामानाचा लिलाव झाला आणि ते जगभर पांगले. महालात केंद्रीय करखात्याची कचेरी आली. तिथले कारकून कशावर बसतात, ते मी पाहिलेले नाही. पण त्यांच्या पायांचे माप कोणी घेतले असेल असे वाटत नाही.

आमच्यासारख्यांना पॅरिसचा कारागीर नको, गल्लीतला सुतार पुरतो, हे मात्र मला फार उशिरा सुचले. साडेसतरा हजारांची ती खुर्ची दुकानदाराने परत घेतली नाही, ते साहजिकच होते. ती आता माझ्याकडे आहे आणि या सदराचे लेखन तीवरच होते. मुलीसाठी सुताराकडून जुन्या सागाची खुर्ची करून घेतली. बैठक साडेपंधरा इंच, खोली पंधरा, पुढची कड गोल घासलेली, पाठ थोडी कललेली, वेत त्याच गृहस्थांकडून. चाके नाहीत, ती फिरत नाही; मुलगी म्हणते, फिरायचे असेल तेव्हा मी उठेन. टेबलाचे पाय कापून ते पंचवीस इंचांवर आणले. लाकूड, मजुरी आणि वेत मिळून खर्च त्या पहिल्या खुर्चीच्या निम्म्याहूनही कमी आला. पायांची सूज पहिल्या पंधरवड्यातच उतरू लागली; मुंग्या जायला दोन महिने लागले. पाट धुऊन-पुसून माळ्यावर गेला, आणि पुढच्या हरतालिकेला तो सौभाग्यवतींना पहिल्या फटक्यात सापडला.

आता त्यांनाही एक खुर्ची हवी आहे. भाजी निवडायला आणि दुपारी पोथी वाचायला, कारण गुडघे आता मांडी घालू देत नाहीत. सुतार रविवारी सकाळी यायचा आहे. माप घेण्याची टेप मात्र माझ्या हाती द्यायची नाही, असे घरात ठरले आहे.